शीर्षासनाने काचबिंदू जात नाही, आणि पतंजलींनी ८४ आसनं लिहिलेलीच नाहीत

गेल्या महिन्यात साताऱ्याहून मामीचा फोन आला. एरवी ती मामाच्या तक्रारी हसत हसत सांगते, त्या दिवशी आवाज वेगळा होता. म्हणाली, "अगं, ह्यांची डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली महिन्याला एक संपते. या वेळची अजून सीलबंद आहे. मी आज कपाट आवरताना बघितली." मामाला काचबिंदू आहे, सहा वर्षं झाली, रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. विचारलं तर म्हणाला बंद केलंय, आता शीर्षासन करतो. वय वर्षं ६८. हॉलच्या भिंतीला लागून सोलापुरी चादरीची चौपदरी घडी, त्यावर डोकं, आणि मामी पाय धरायला. का, तर मेसेज आला होता.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असणार, नसेल तर येईल, दर जूनमध्ये योगदिनाच्या आगेमागे तो उगवतोच. त्यात काय आहे ते सांगते म्हणजे शोधत बसायला नको. पतंजली ऋषींनी ५००० वर्षांपूर्वी योगसूत्रांत ८४ आसनं लिहून ठेवली, एकेका आसनाने एकेक रोग जातो. सूर्यनमस्कार वेदांत आहेत. जेवणानंतरचं वज्रासन ज्ञानेश्वर माउलींनी सांगितलंय. आसनांनी कुणालाही कधीच इजा होत नाही. शीर्षासन हा आसनांचा राजा, रोज २० मिनिटं केलं की थायरॉइड, बीपी, शुगर, काचबिंदू, टक्कल सगळं जातं, ४० दिवसांत औषधं बंद. युनेस्कोनेही हे मान्य केलंय. आणि शेवटी नेहमीचं पालुपद, डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत.

आता कुणी 'तुम्हाला आपल्या संस्कृतीचा द्वेष' वगैरे सुरू करायच्या आत सांगून टाकते, मी स्वतः बारा-तेरा वर्षं आसनं करते, रोज नाही पण आठवड्यातून चार दिवस तरी, आणि पाठ धरली की माझा पहिला उपाय तोच असतो. त्यामुळे चीड आसनांची नाहीये, मेसेजची आहे.

सगळ्यात आधी शीर्षासन. बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल, एवढं वाचा.

काचबिंदूत होतं काय, तर डोळ्यातल्या पाण्याचं प्रेशर वाढतं आणि मागची नस हळूहळू मरत जाते. कडेकडेने दिसायचं कमी होतं, दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे कळतच नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंबांचं काम एकच, ते प्रेशर खाली ठेवणं. आता माणूस उलटा झाला की त्या प्रेशरचं काय होतं हे काही गूढ राहिलेलं नाही. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या लोकांनी नियमित योग करणाऱ्या ७५ जणांच्या डोळ्यांचं प्रेशर शीर्षासनाच्या आधी, शीर्षासनात आणि नंतर मोजलं होतं, २००६ साली ते प्रसिद्ध झालं. शीर्षासनात प्रेशर दुप्पट झालं. दुप्पट! आणि ती सराव असलेली माणसं होती, मामासारखी परवा सुरू केलेली नव्हेत. म्हणजे ज्या आजाराचा सगळा उपचारच प्रेशर कमी ठेवण्याचा, त्यावर मेसेजवाला सांगतोय की थेंब बंद करा आणि रोज २० मिनिटं प्रेशर दुप्पट करा. हे लिहिताना त्याचा हात कसा थरथरला नाही कुणास ठाऊक. (प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच अभ्यासात असंही दिसलं की खाली उतरल्यावर प्रेशर पुन्हा उतरतं आणि शीर्षासन करणाऱ्यांमध्ये वाढलेलं प्रेशर इतरांपेक्षा जास्त जणांना आहे असं काही नाही. चांगल्या डोळ्यांच्या माणसाने घाबरायचं कारण नाही. पण मामाचे डोळे चांगले नाहीयेत, मुद्दा तोच आहे.)

मामाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. थेंब चालू असताना प्रेशर १५-१६ असायचं, या वेळी एका डोळ्यात २८ निघालं. डॉक्टर काही बोलल्या नाहीत, फक्त आकडा कागदावर लिहून त्याला दाखवला. गाडीत मामा म्हणतो, "अगं पण शास्त्रात आहे ते."

बरं, मग शास्त्रातच बघू.

हठयोगाचं सगळ्यांना माहीत असलेलं पुस्तक म्हणजे स्वात्मारामाची हठप्रदीपिका, साधारण पंधराव्या शतकातलं. माझं संस्कृत बारावीपर्यंतचं, पण मराठी अर्थासकट प्रत मिळते, तेवढ्यावर भागतं. त्यात पहिल्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, १५ आसनं आहेत आणि त्या १५ मध्ये शीर्षासन नाहीच. राजाचं नाव यादीतच नाही! डोकं खाली पाय वर हा प्रकार येतो तिसऱ्या उपदेशात, मुद्रांमध्ये, विपरीतकरणी नावाने. आणि कशासाठी, तर टाळूपाशी चंद्र आहे, त्यातून अमृत पाझरतं, नाभीपाशी सूर्य आहे, तो ते खाऊन टाकतो म्हणून माणूस म्हातारा होतो, तेव्हा उलटं व्हा म्हणजे सूर्य वर जाईल आणि चंद्र खाली. थायरॉइडचा तिथे काही संबंध नाही. पुढे काय म्हटलंय ते महत्त्वाचं. एक, ही 'गुरुवाक्येन लभ्यते', म्हणजे समोर गुरू पाहिजे. मेसेज म्हणजे गुरू नव्हे. दोन, 'अधःशिराश्चोर्ध्वपादः क्षणं स्यात् प्रथमे दिने'. पहिल्या दिवशी क्षणभर. दुसऱ्या दिवशी क्षणापेक्षा किंचित जास्त, असं रोज थोडं थोडं. ज्या शास्त्राचा हवाला देऊन मामा पहिल्याच आठवड्यात ११ मिनिटांपर्यंत गेला होता (मोबाइलवर टायमर लावून) ते शास्त्र सांगतंय क्षणभर.

टक्कल कुठून आलं तेही मला तिथेच सापडलं. सहा महिन्यांनी सुरकुत्या आणि पांढरे केस दिसेनासे होतात असं त्याच श्लोकांत आहे. पांढऱ्या केसांचं फिरता फिरता टक्कल झालं असावं. तेव्हा हो, मान्य, पुस्तकातही वाढवून सांगितलंय. रोज तीन तास केलं तर मृत्यूलाही जिंकाल असंही आहे. मयूरासनाने कालकूट विषसुद्धा पचतं असं आहे. पण मयूरासन करून विष प्यायला कुणी जात नाही ना, तिथे बरोबर आपल्याला कळतं की ही स्तुती आहे, आणि थेंबांच्या बाटलीपाशी आलं की कळेनासं होतं.

आणि हे काय मी नवीन शोधून काढत नाहीये. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केलं, एक्स-रे काढले, नौली (पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया) करताना पोटात किती पोकळी तयार होते ते नळ्या लावून मोजलं. त्या माणसाला आसनांचं प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांनीच आसनांवरच्या पुस्तकात बजावून ठेवलंय की ज्यांचे कान वाहतात, डोळ्यांच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर आहेत, रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी आपल्या मनाने शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. शंभर वर्षांपूर्वीच्या योग्याला जे कळत होतं ते आजच्या फॉरवर्डवाल्याला कळत नाही.

आता पतंजली. इथे मला जास्त वेळ घालवायचा नाही कारण पुस्तक पातळ आहे, कुणीही अर्ध्या तासात तपासू शकतं. योगसूत्रं १९५ (काही प्रतींत १९६), आणि आसन कसं असावं यावर त्यात तीन सूत्रं आहेत. तीन. स्थिरसुखमासनम्, म्हणजे स्थिर आणि सुखाचं असेल ते आसन. मग प्रयत्न सैल सोडून अनंतात मन लावल्याने ते साधतं. मग त्यामुळे थंडी-ऊन वगैरे द्वंद्वांचा त्रास होत नाही. संपलं. पुढच्या सूत्रात प्राणायाम सुरू. एकाही आसनाचं नाव नाही, ८४ तर सोडाच. नावं येतात व्यासभाष्यात, म्हणजे सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, तीही डझनभर, पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक अशी, आणि जवळजवळ सगळी बसायची. वर्षांचं म्हणाल तर अभ्यासकांचे अंदाज इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकापासून इसवीसनाच्या पाचव्या शतकापर्यंत फिरतात, म्हणजे कितीही ताणलं तरी ५००० होत नाहीत.

आणि आपल्याला मराठीत हे कळायला खरं तर सूत्रं वाचायचीही गरज नाही. पूजेला बसताना आजी काय म्हणायची? "आसन घे आधी, जमिनीवर बसू नको." ते आसन म्हणजे लोकरीचा नाहीतर दर्भाचा चौकोनी तुकडा. गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो ते हेच, स्वच्छ जागी, फार उंच नाही फार खाली नाही, दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र, असं आसन मांड आणि पाठ, मान, डोकं एका रेषेत ठेवून बस. बसायची जागा, मग बसायची पद्धत, आणि मग कितीतरी शतकांनी उठून, वाकून, उलटं होऊन करायचे प्रकार, असा तो शब्द पसरत गेलाय. जुन्या योगात आसन ही तयारी होती, बराच वेळ न हलता बसता यावं म्हणून. आज उलट झालंय, तासाभराच्या क्लासमध्ये पन्नास मिनिटं आसनं आणि शेवटी दहा मिनिटं डोळे मिटून, त्यातही निम्मे झोपतात (मीसुद्धा).

८४ चा आकडा मात्र हवेतून आलेला नाही, तो हठयोगातला आहे. हठप्रदीपिका म्हणते शिवाने ८४ आसनं सांगितली, त्यातली महत्त्वाची चार मी सांगतो. घेरंडसंहिता या हठयोगाच्याच दुसऱ्या पुस्तकात तर आसनं ८४ लाख, जितके जीव तितकी, त्यातली ८४ उत्तम आणि त्यातली ३२ माणसांच्या उपयोगाची. म्हणजे आकडा मानाचा, यादी ज्याची त्याची वेगळी. आणि आसनाने आरोग्य मिळतं, अंग हलकं होतं हेही हठप्रदीपिकेत स्पष्ट आहे. हा मुद्दा मेसेजला अर्धा देऊन टाकते, नाईलाजाने. पतंजलींनी नाही सांगितलं, हजारेक वर्षांनंतरच्या दुसऱ्या परंपरेने सांगितलं.

वज्रासनाची मजा आहे. ज्ञानेश्वरीत सहाव्या अध्यायात वज्रासन आहे, खरंच आहे. "अर्जुना हें जाण । मूळबंधाचें लक्षण । वज्रासन गौण । नाम यासी ॥" पण आधीच्या ओव्या वाचा ना! टाच शिवणीपाशी (गुद आणि जननेंद्रिय यांच्या मधे) दाबून बसायचं वर्णन आहे ते, आज ज्याला सिद्धासन म्हणतात त्याच्या जवळचं. हठप्रदीपिकेतही सिद्धासनालाच काही जण वज्रासन म्हणतात असं लिहिलंय. माउली तिथून कुंडलिनीवर जातात, कुंकवाने न्हालेल्या नागाच्या पिल्लावर. पुरणपोळी खाऊन गुडघे मुडपून बसायचं वज्रासन ते हे नव्हे. ते बसल्याने बरं वाटत असेल तर जरूर बसा, पण माउलींना मध्ये घेऊ नका.

सूर्यनमस्कारांना मात्र मी साताऱ्याची असल्यामुळे दोन मिनिटं जास्त देणार. सूर्याला मंत्र म्हणून साष्टांग नमस्कार घालणं जुनं आहे, तृचाकल्प नमस्कारांत ऋग्वेदाच्या ऋचा म्हणतात हेही खरं. पण मंत्र वेदातले म्हणून त्या खालची कवायत वेदातली होत नाही. आज आपण करतो ती दहा-बारा स्थितींची साखळी आपल्या आखाड्यांतली, समर्थांच्या नावाने सांगितली जाणारी, आणि तिला शिस्त लावून घराघरांत पोचवली ती आमच्या साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. संस्थानातल्या शाळांत सक्तीची केली, पुस्तकं लिहिली, १९३८ साली तर लंडनमध्ये इंग्रजी पुस्तक निघालं. माझे आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत होते, सकाळी थंडीत उघड्या अंगाने नमस्कार घालायचे आणि मोजणारा मास्तर मुद्दाम एक आकडा दोनदा म्हणायचा हे ते शेवटपर्यंत सांगायचे. म्हणजे ज्याचं श्रेय आपल्या तालुक्याशेजारच्या माणसाला द्यायचं ते आपण उचलून ५००० वर्षांमागे टाकतो. आणि खरी गंमत अशी की हठप्रदीपिकेवर ब्रह्मानंदांची ज्योत्स्ना नावाची टीका आहे, त्यात साधकाने शरीराला क्लेश देणाऱ्या गोष्टी टाळाव्यात याचं उदाहरण काय दिलंय? खूप सूर्यनमस्कार घालणं आणि जड ओझी उचलणं. योगाच्या माणसाला ते तेव्हा योग वाटत नव्हते, ती मेहनत होती. मेहनत वाईट असं मी म्हणत नाहीये.

इजा होत नाही म्हणे. माझा डावा गुडघा विचारा. चौथ्या वर्षी एका क्लासमध्ये शिक्षकाने पद्मासनात पाय "थोडासा अजून" म्हणून ओढला, टक असा आवाज झाला, पुढचे चार महिने जिना उतरताना आडवी उतरत होते. युनेस्कोने २०१६ साली योगाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते बरोबर, पण त्याने टक्कल बरं होतं असं युनेस्को म्हणालेली नाही. पुढे.

मी हे सगळं घरच्या ग्रुपवर तुकड्यातुकड्यांत टाकत होते तेवढ्यात मामेभाऊ बंगळुरूहून उगवला. तो दुसऱ्या टोकाचा. "बाबा, हे सगळं शंभर वर्षांपूर्वी स्वीडन-डेन्मार्कच्या कवायतीतून उचललंय, भारतीय वगैरे काही नाही, रिसर्च आहे." बापाचं एक आणि मुलाचं दुसरं. रिसर्च म्हणजे योगाच्या इतिहासाचे अभ्यासक मार्क सिंगल्टन यांचं २०१० चं पुस्तक, आणि त्यात अर्ध सत्य आहे, नाही म्हणत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यायामाचं वेड जगभर होतं, परदेशी कवायती आपल्या शाळांत आल्या होत्या, म्हैसूरच्या राजवाड्यात १९३०च्या दशकात कृष्णमाचार्य नावाचे योगशिक्षक मुलांना शिकवत होते ती धावती, घामाघूम करणारी पद्धत त्या हवेतच वाढली. त्यांचेच शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि इथलेच झाले. त्रिकोणासन, वीरभद्रासन ही उभ्याने करायची आसनं हठप्रदीपिकेत नाहीत, त्या १५ मध्ये उभं राहून करायचं एकही नाही.

पण मामेभाऊ पुढचं वाचायला विसरला. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात हठाभ्यासपद्धती नावाचं एक हस्तलिखित आहे, साधारण अठराव्या शतकातलं, कपालकुरंटक नावाच्या योग्याचं. त्यात ११२ आसनं आहेत. उताणं पडून, पालथं पडून, उभं राहून, भिंतीला धरून, चक्क दोरीला लटकून! काही आसनं एकदा करून थांबायची नाहीत, पुन्हा पुन्हा करायची, त्यातलं गजासन वाचलं तर तालमीतला दंडच डोळ्यासमोर येतो. त्यातली आसनं पुढे म्हैसूरच्या राजाच्या श्रीतत्त्वनिधी या ग्रंथात चित्रांसकट गेली. म्हणजे डेन्मार्कच्या कवायतीचं नावही इथे कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा आपल्याकडे कुणीतरी दोरीवर आसनं करत होतं आणि लिहूनही ठेवत होतं. आणि यावर २०१९ साली सविस्तर लेख कुणी लिहिला, तर जेसन बर्च यांच्याबरोबर त्याच मार्क सिंगल्टन यांनी. मी हे टाकल्यावर मामेभावाने फक्त "ओके" लिहिलं, मामाने मात्र लगेच चार नमस्कार पाठवले, त्याला वाटलं मी त्याच्या बाजूने बोलले. त्याला फोन करून सांगावं लागलं की मामा, ते ३०० वर्षं जुनं आहे, ५००० नाही, आणि ११२ काय नि एकही काय, त्यातलं कुठलंही थेंबांच्या ऐवजी नाही.

"मग मी काहीच करायचं नाही का?" म्हणाला. चिडला होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काही नको म्हणाल्यात, बाकी बसून करायचं सगळं चालेल. त्याला सांगितलं, पतंजलींचंच कर की, स्थिर आणि सुखाचं.

थेंब पुन्हा चालू आहेत. मामी रात्री नऊला बाटली हातात घेऊन उभी राहते आणि कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात टिक करते, मला रविवारी फोटो पाठवते. शीर्षासनाची ती चौपदरी चादर अजून भिंतीपाशीच असते, मामा सकाळी तिच्यावर मांडी घालून बसतो. २० मिनिटं म्हणतो, सात-आठ मिनिटांत उठतो आणि पेपर आला का विचारतो.